जीव वाचला, पण पुढचं जगणं? स्तन काढल्यानंतरच्या आयुष्याबद्दल सोप्या भाषेत

"जीव वाचला ना, मग आता बाकीचं काय घेऊन बसलीस!" स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या जवळजवळ प्रत्येक बाईने हे वाक्य कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकलेलं असतं. बोलणारा माणूस वाईट नसतो, बहुतेक वेळा घरातलाच असतो, त्याने स्वतः हॉस्पिटलच्या बाकड्यावर रात्री काढलेल्या असतात. पण या वाक्याने ती बाई गप्प होते. हात सुजतोय हे सांगत नाही, झोप लागत नाही हे सांगत नाही, नवऱ्याजवळ जायची लाज वाटते हे तर कुणालाच सांगत नाही. आणि वाईट याचं वाटतं की यातल्या बहुतेक त्रासांवर काही ना काही उपाय असतो, फक्त तो विचारला जात नाही. माझ्या मावशीचं हे ऑपरेशन पुण्यातच झालं, तेव्हापासून मी हा विषय जमेल तितका वाचत आणि विचारत आलेय, तेच इथे साध्या भाषेत मांडते.

आधी आकडा सांगते. भारतातल्या बायकांमध्ये सगळ्यात जास्त सापडणारा कॅन्सर आता हाच आहे, २०२२ च्या जागतिक आकडेवारीत आपल्याकडच्या नव्या केसेस वर्षाला साधारण १ लाख ९२ हजार धरल्यात. आणि आपल्याकडे तो युरोप-अमेरिकेपेक्षा अंदाजे दहा वर्षं आधी होताना दिसतो, म्हणजे चाळिशी-पन्नाशीत, मुलांच्या बारावीच्या काळात, नोकरी ऐन भरात असताना. वेळेत सापडला तर पुढे वीस-तीस वर्षं जगायची असतात. ती वर्षं कशी जाणार हा प्रश्न डॉक्टरी भाषेत 'क्वालिटी ऑफ लाइफ' म्हणून मोजतात, अगदी रीतसर मोजतात.

मोजतात कसं? युरोपातल्या कॅन्सर संशोधकांनी एक प्रश्नपत्रिका केलीय, ३० प्रश्न सगळ्या कॅन्सरसाठी आणि त्याला जोडून २३ प्रश्न खास स्तनाच्या कॅन्सरसाठी. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये तिचं मराठी आणि हिंदी रूप आपल्या पेशंट्सवर तपासूनही झालंय. त्यात विचारतात काय तर हात किंवा खांदा दुखला का, हात सुजला का, हात वर उचलायला त्रास झाला का, स्वतःचं उघडं शरीर बघणं जड गेलं का, पुढे तब्येतीचं काय होणार याची काळजी वाटली का, शरीरसंबंधात रस राहिला का. प्रत्येकाला "अजिबात नाही" पासून "खूप जास्त" पर्यंत उत्तर. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, कारण ज्या गोष्टी घरात 'फालतू' म्हणून बाजूला पडतात त्या जगभरचे डॉक्टर छापील कागदावर विचारतात! तुमच्या डॉक्टरांनी आपणहून विचारलं नाही तर तुम्ही सांगा, विषय त्यांच्या कामातलाच आहे.

आता ऑपरेशनमध्ये नेमकं काय होतं ते थोडक्यात. शंभर वर्षांपूर्वी स्तनाबरोबर छातीचा मोठा स्नायूही काढायचे, त्यामुळे छाती खड्ड्यासारखी व्हायची आणि हात कायमचा अधू. आता स्नायू ठेवतात, स्तन काढतात आणि काखेतल्या गाठी, म्हणजे लिम्फ नोड्स, गरजेप्रमाणे काढतात. काही जणींमध्ये पहिल्या दोन-तीन गाठी तपासून त्यात कॅन्सर नसेल तर बाकीच्या ठेवता येतात, त्याला सेंटिनल नोड बायोप्सी म्हणतात, आणि पुढे हाताला होणारा त्रास यामुळे खूप कमी होतो. ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर आणखी एक विचारून घ्या, स्तन वाचवता येईल का. योग्य केसमध्ये स्तनातली फक्त कॅन्सरची गाठ काढून रेडिएशन दिलं तरी जगण्याची शक्यता तेवढीच राहते, हे इटली आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या अभ्यासांच्या वीस वर्षांच्या निकालांनी २००२ मध्येच दाखवलंय. तरी आपल्याकडे "सगळंच काढून टाका डॉक्टर, डोक्याला ताप नको" असं घरचेच सांगून मोकळे होतात, बाईला विचारतही नाहीत. काढावाच लागला तर लागला, त्याला इलाज नाही, पण तो निर्णय तिच्यासमोर आणि तिच्याशी बोलून व्हायला हवा.

ऑपरेशननंतर सगळ्यात जास्त त्रास देतो तो हात, आणि याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. मावशी एकदा मला म्हणाली, "अगं, सगळे रिपोर्ट विचारतात, हात कसाय ते कुणी विचारत नाही." म्हणून हातावर जरा जास्त लिहिते.

जखमेतलं पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळी असते तेव्हा बायका घाबरून हात पोटाशी धरून बसतात, घरचेही "हलवू नकोस" म्हणतात. मूठ उघड-मिट करणं, मनगट आणि कोपर हलवणं हे बहुतेक ठिकाणी पहिल्या-दुसऱ्या दिवसापासूनच करायला सांगतात, खांद्याच्या वर हात न्यायचे व्यायाम नळी निघाल्यावर फिजिओच्या सांगण्याप्रमाणे. भिंतीवर बोटांनी वर चढत जाणं, स्वतःचे केस विंचरणं, पाठीमागे टॉवेल धरून ओढणं, एवढे साधे व्यायाम असतात, पण रोज करायचे असतात. टाळले तर खांदा आखडतो. आणि पुढे रेडिएशन असेल तर त्या मशीनखाली हात डोक्याच्या वर घेऊन झोपावं लागतं, हात वर जातच नसेल तर तिथेच अडतं, हे आधी माहीत नसतं. काही जणींच्या काखेतून कोपरापर्यंत दोरीसारखी ताठ शीर लागते आणि हात सरळ करताना ओढ बसते, ते पाहून कॅन्सर परत आला असं वाटून जीव अर्धा होतो. तसं काही नसतं, लिम्फच्या, म्हणजे शरीरातल्या पातळ पाण्याच्या, बारीक नळ्या आखडलेल्या असतात आणि फिजिओने सुटतं. दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा येतो कारण काखेतून जाणारी एक नस दुखावते किंवा कापली जाते. तिथे रेझर लागला तरी कळत नाही, त्यामुळे ब्लेडऐवजी ट्रिमर वापरा. कुणाला उलट तिथेच किंवा छातीवर जळजळ, मुंग्या, करंट बसल्यासारखं दुखत राहतं, महिनोन्‌महिने, कधी कधी तर नसलेल्या स्तनालाच खाज सुटल्यासारखं वाटतं. हे मनाचे खेळ नाहीत, हे नसांचं दुखणं आहे आणि त्याला साध्या पेनकिलरपेक्षा वेगळी औषधं असतात, ती डॉक्टर देतात.

आणि मग सूज, लिम्फेडिमा. शरीरात रक्ताव्यतिरिक्त एक पातळ पाणी फिरत असतं, हाताकडचं पाणी काखेतल्या गाठींमधून वाट काढत परत जातं. त्या गाठी काढल्या, वर रेडिएशन दिलं, की वाट अरुंद होते. पुण्यात ओढे बुजवत गेलं की पावसाचं पाणी कुठे शिरतं ते आपण २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पाहिलंय, तसंच पाणी इथे हातात साचतं. काखेतल्या सगळ्या गाठी काढलेल्या बायकांमध्ये साधारण पाचातल्या एकीला हे होतं, फक्त सेंटिनल तपासणी झालेल्यांमध्ये वीसातल्या एकीच्या आसपास. लगेच होतं असं नाही, वर्ष-दोन वर्षांनी किंवा त्याच्याही नंतर होऊ शकतं, म्हणून "आता काय, इतके दिवस झाले" असं म्हणून सोडून द्यायचं नाही.

सुरुवात कशी ओळखायची? बांगडी त्या हातात चढेनाशी होते, अंगठी रुतते, ब्लाउजची एकच बाही घट्ट होते, हात जड वाटतो. एवढ्यावरच जा, हात डोळ्याला सुजलेला दिसेपर्यंत थांबू नका, कारण पहिल्या टप्प्यात ही सूज बऱ्यापैकी उतरते, जुनी झाली की आतली चरबी आणि तंतू वाढून हात कडक होतो आणि मग फक्त आटोक्यात ठेवता येते. उपचार म्हणजे खास पद्धतीचा हलका मसाज, बँडेज, व्यायाम आणि नंतर मापाची स्लीव्ह, म्हणजे हातावर दाब देणारी घट्ट बाही. मसाज शिकलेल्या माणसाकडूनच, घरी तेल लावून जोरात रगडायचं अजिबात नाही. स्लीव्हही माप घेऊनच, ऑनलाइन अंदाजाने मागवलेली चुकीच्या ठिकाणी आवळली तर सूज वाढते.

"आता आयुष्यभर जड काही उचलायचं नाही" हे आपल्याकडे हमखास सांगितलं जातं. यावर २००९ मध्ये अमेरिकेत एक चांगला अभ्यास छापून आला, सूज असलेल्या १४१ बायका घेतल्या, अर्ध्या जणींनी देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा हळूहळू वाढवत वजनं उचलली, तर त्यांची सूज वाढली नाहीच, उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले. म्हणजे हात वापरायचा असतो, फक्त हळूहळू ताकद आणत. ऑपरेशननंतर लगेच मंडईतून दोन्ही हातांत गच्च पिशव्या घेऊन यायचं नाही, पण चार-सहा महिन्यांनी कणीक मळणं, पोळ्या लाटणं, कुकर उतरवणं हे व्हायला हवं, न व्हायला ती काही अपंग नाही. पीएमपी बसच्या गर्दीत मात्र वरचा दांडा त्या हाताने धरून लटकू नका, एक ब्रेक बसला की खांद्याला हिसका बसतो. पुण्यातल्या बाईला सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे गाडी कधी चालवता येईल! तर जखम पूर्ण भरली पाहिजे, हँडल दोन्ही बाजूला न दुखता वळलं पाहिजे, आणि अचानक ब्रेक दाबता आला पाहिजे, हे झालं की सर्जनला विचारून चालू करा. मावशीने अॅक्टिव्हा परत बाहेर काढली त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते कुठल्याच रिपोर्टने आलं नव्हतं.

बीपी आणि इंजेक्शन दुसऱ्या हाताला घ्या असं सांगतात. नवे अभ्यास म्हणतात याने सूज येते असा ठोस पुरावा नाही, तरी दुसरा हात मोकळा असेल तर तोच पुढे करा, आणि इमर्जन्सीत यावरून अडून बसू नका. त्यापेक्षा जास्त जपायचं ते कातडीला. तव्याचा चटका, विळीचा काप, डास चावून खाजवलेलं, अशा बारीक जखमेतून इन्फेक्शन आत जातं. हात लाल, गरम झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर, अँटिबायोटिक लागतात, हळद लावून बघत बसायचं नाही.

आता शरीर दिसण्याबद्दल. एका बाजूचं वजन गेलं की, विशेषतः स्तन मोठे असतील तर, खांदा एका बाजूला कलायला लागतो, मान आणि पाठ दुखते. त्यामुळे कृत्रिम स्तन म्हणजे नटणं-मुरडणं असं समजू नका, तो तोलासाठीही आहे. जखम ओली असताना कापसाचं किंवा फोमचं हलकं पॅड, साधारण दीड-दोन महिन्यांनी सिलिकॉनचं मापाचं, आणि त्यासाठी आतून खिसा असलेली ब्रा. सुती दोऱ्याचे क्रोशाने विणलेले हलके पॅडही मिळतात, उन्हाळ्यात घामाला ते बरे पडतात. नेहमीच्या शिंप्याकडून ब्लाउजलाच आतून खिसा शिवून घेता येतो, पुढून हूक, बाही जरा सैल. दुकानात हे मागायलाच लाज वाटते हे मला माहितीये, बरोबर बहीण-मैत्रीण कुणीतरी जावं. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या तेरेस लॅसर यांचं हेच ऑपरेशन झालं, तेव्हा हाताचे व्यायाम काय, कपडे काय घालायचे, हे सांगणारं त्यांना कुणी भेटलं नाही, म्हणून त्या स्वतःच दुसऱ्या पेशंट बायकांना हॉस्पिटलमध्ये जाऊन भेटायला लागल्या, त्यातून 'रीच टू रिकव्हरी' ही चळवळ उभी राहिली. ज्या बाईने हे भोगलंय तिच्याशी अर्धा तास बोलणं फार उपयोगी पडतं, आपल्या डॉक्टरांना विचारा अशी कुणी गाठ घालून देता का.

स्तन परतही बनवता येतो. पोटाची किंवा पाठीची चरबी-स्नायू घेऊन, नाहीतर इम्प्लांट टाकून, ऑपरेशनच्याच वेळी किंवा नंतर. रेडिएशन होणार असेल तर कधी आणि कशाने करायचं हे बदलतं, इम्प्लांटला रेडिएशनने त्रास होण्याची शक्यता जास्त असते. पुण्यात प्रशांती कॅन्सर केअर मिशनसारख्या संस्थेने स्तन वाचवून किंवा नीट आकार देऊन ऑपरेशन करण्यावर बरंच काम केलंय, म्हणजे हे मुंबई-परदेशातच होतं असं राहिलेलं नाही. आणि एखादीला यातलं काहीच नको असेल, पॅडही नको, तर तेही पूर्ण बरोबर आहे, तिला जबरदस्ती करू नये.

सगळ्यात अवघड बोलणं नवरा-बायकोचं. तिला वाटतं याला आता मी आवडत नाही, त्याला वाटतं हात लावला तर दुखेल, आणि दोघं भिंतीकडे तोंड करून झोपतात. किमो आणि हार्मोन रोखणाऱ्या गोळ्यांनी योनीला कोरडेपणा येतो, दुखतं, इच्छा कमी होते. पाण्याचा बेस असलेलं ल्युब्रिकंट मेडिकलमध्ये मिळतं, पण हार्मोन असलेली क्रीम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पाळी चालू असलेल्या बायकांनी आणखी एक लक्षात ठेवा, टॅमॉक्सिफेन ही हार्मोन रोखणारी गोळी चालू असताना दिवस राहू द्यायचे नाहीत, आणि गर्भनिरोधक गोळ्याही चालत नाहीत कारण त्यात हार्मोन असतात, निरोध किंवा कॉपर-टी चालते. मूल हवंच असेल तर दार बंद नाही, २०२३ मध्ये आलेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात तरुण बायकांनी दीड ते अडीच वर्षं या हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या घेऊन मग दोन वर्षांपर्यंत थांबवल्या, निदान सुरुवातीच्या काही वर्षांत त्यांच्यात कॅन्सर परत येण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. पण हे सगळं डॉक्टरांबरोबर ठरवूनच.

आणि हो, हा रोग लागत नाही. वेगळं ताट, वेगळा टॉवेल, "मुलांना जवळ घेऊ नकोस", हे अजूनही चांगल्या शिकलेल्या घरांत चालतं. हळदी-कुंकवाला बोलावणं बंद होतं किंवा तीच जायचं बंद करते. याने जी जखम होते तिला टाके घालता येत नाहीत.

गोळ्यांचं सांगते. हार्मोनवर वाढणारा कॅन्सर असेल तर टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल, अॅनास्ट्रोझोल अशा गोळ्या पाच वर्षं, काहींना दहा वर्षांपर्यंत. अंगातून वाफा येतात, रात्री घामाने झोपमोड होते, लेट्रोझोलच्या जातीच्या गोळ्यांनी सकाळी सांधे आखडतात आणि हाडं ठिसूळ होतात, म्हणून हाडांची डेक्सा तपासणी. त्रासाला कंटाळून बऱ्याच जणी गुपचूप गोळी बंद करतात, घरात कुणाला पत्ता नसतो, आणि हे खरंच धोक्याचं आहे. सांगितलं तर गोळी बदलता येते, वाफांवर औषध देता येतं. उदास वाटत असेल आणि मानसोपचार डॉक्टरांकडे गेलात तर टॅमॉक्सिफेन चालू आहे हे आधी सांगा, पॅरॉक्सेटीन, फ्लुओक्सेटीनसारखी काही औषधं त्याचा परिणाम कमी करू शकतात, दुसरी चालणारी आहेत. किमोनंतरचा थकवा झोपून जात नाही, गंमत अशी की चालल्याने कमी होतो. आठवड्याला १५० मिनिटांचं लक्ष्य सांगतात, सारसबागेच्या दोन फेऱ्यांपासून सुरू करा, तळजाई आणि वेताळ टेकडी नंतर. चालण्याने सांधेही सुटतात आणि वजन आटोक्यात राहतं, जे सुजेसाठीही हवंच.

परत येईल का ही भीती जात नाही, तपासणीच्या आधीचा आठवडा घर मुकं असतं. त्या भीतीपोटी दर सहा महिन्यांनी पेट (PET) स्कॅन, म्हणजे कॅन्सर शोधायला सगळ्या शरीराचा स्कॅन, करून घेणारी घरं मी बघितलीत, पण काही लक्षण नसताना तसे स्कॅन करत राहून आयुष्य वाढत नाही, खर्च आणि धास्ती मात्र वाढते. पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांनी हाताने तपासणं, पुढे अंतर वाढवत, आणि दुसऱ्या स्तनाची दरवर्षी मॅमोग्राफी, नेहमीचा फॉलोअप इतकाच असतो. मध्ये नवी गाठ, न थांबणारी हाडदुखी, सततचा खोकला, दम लागणं, असं काही आलं तर तारखेची वाट बघू नका.

पैशाचं बोलल्याशिवाय हे पूर्ण होत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं तिथे आधी जा. धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटल्सना १० टक्के खाटा निर्धन पेशंटना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात, पुण्यात अशी मोठी हॉस्पिटलं बरीच आहेत, तिथल्या समाजसेवा विभागात विचारा. फिजिओ, स्लीव्ह, ब्रा, पॅड यांचा खर्च मात्र बहुतेक घरं स्वतःच्याच खिशातून करतात, आणि तिथेच गरीब घरातली बाई थांबते.

धुणी-भांडी करणाऱ्या बाईचं हे ऑपरेशन झालं तर तिला "आराम कर" सांगून काय उपयोग, ती महिन्याभरात कामावर येते, नाही आली तर चार घरं सुटतात. तिच्या बॉसच्या जागी आपणच असतो. पहिले काही महिने जाड चादरी पिळायला देऊ नका, मशीनला लावा, बादली अर्धीच भरा, भांड्यांसाठी रबरी हातमोजे आणून ठेवा म्हणजे काप-चटका लागणार नाही, पुसायला दांड्याचा मॉप द्या, आणि फिजिओ किंवा तपासणी असेल त्या दिवसाचा पगार कापू नका.